दाजींची हवा

ती. ताईस,

धाकट्याचा सप्तांग नमस्कार. (आठवं अंग, म्हणजे कंबर, गाडी ढकलून कालपासून रजेवर आहे.) तुझा गुडघा कसा आहे? घरात शांतता असेल, भांडी जागच्या जागी असतील, रेडिओ तुझ्या मर्जीने बंद होत असेल. साहजिक आहे. दाजी इथे आहेत.

"गाड्यांतलं त्यांना फार कळतं, दोन दिवस पाठवते," असं तू फोनवर म्हणालीस, तेव्हा तुझ्या आवाजातला आनंद मला भावावरची माया वाटला. असो.

तुला ठाऊकच आहे, दुकानोदुकानी फ्रीज आल्यापासून आपल्या बर्फाच्या कारखान्याला विचारतं कोण! आता आशा एकच, किनाऱ्याच्या पार टोकाला असलेल्या मासळीच्या शेडची. तिथवर रस्ता नाही, नुसती वाळू. शेडवाल्या बाईंनी रोखठोक सांगितलं, "शनिवारी बर्फ आणून दाखवा, मग बोलू. पाणी आणू नका, पाणी आमच्याकडे समुद्रभर आहे." जमलं तर कारखाना चालेल, नाहीतर कुलूप. म्हणून वाळूत चालणारी पिकअप, आणि म्हणून दाजी.

जुन्या गाड्यांच्या बाजारात दाजींनी कलिंगड पारखावं तशी प्रत्येक बॉनेटवर टिचकी मारली. एक गाडी "खोकते", दुसरीचं "तोंड पडलंय", तिसरी नुसतं "खेळणं". शेवटी चारही चाकांना जोर असलेली एक पसंत पडली. (ती चांगली निघाली हे मी कबूल करतो. रंगावर भाळून घेतली हे त्यांनी करावं.) मग तयारी! पुढे लोखंडी गार्ड, टपावर दिव्यांची रांग (बर्फ भर सकाळी न्यायचा आहे), आणि खेकड्यांनी वाट सोडावी असा हॉर्न. "टायर कसा, ताठ मानेचा पाहिजे!" म्हणत त्यांनी इतकी हवा भरून घेतली की हवा भरणारा लांब जाऊन उभा राहिला. मागची चाकं उडू नयेत म्हणून हौद्यात वजनाची पोती टाकली. कशाची? वाळूची. आम्ही वाळूत वाळू घेऊन निघालो.

काल रंगीत तालीम झाली. गाडीत मी, दाजी, ही आणि कारखान्यातले माझे भागीदार. त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं आणि दुसऱ्याने त्याहून कमी, म्हणून सगळे त्यांना 'काय म्हणालात' म्हणतात. गाडी जेमतेम किनाऱ्यावर उतरली आणि बसली. दाजी म्हणाले, "दाब अजून!" दाबलं. गाडी पुढे जायची ती खाली गेली. आम्ही ढकलत होतो, भरती चढत होती, आणि दाजी टपावर उभे राहून सांगत होते, "आपण घाबरलोय हे वाळूला कळता कामा नये!"

तेव्हा हिचा संयम सुटला. "अहो, आधी कुणीतरी ह्यांची हवा काढा!"

'काय म्हणालात' यांना आयुष्यात पहिल्यांदाच एवढं मोठं वाक्य ऐकू आलं. म्हणजे, त्यातले शेवटचे दोन शब्द. ते लगबगीने वाकले आणि टायरची हवा सोडू लागले. "गाडीची नाही हो, दाजींची!" आम्ही ओरडतोय, ते विचारतायत, "काय म्हणालात?" बघता बघता चारही टायर चिखलातल्या म्हशीसारखे पसरले. लाट चाकाला लागली. मी धावत आत बसलो, डोळे मिटून गिअर टाकला आणि ताई, गाडी निघाली! बदकासारखी पसरट पावलं टाकत, डुलत डुलत, टपावरच्या दाजींसकट.

खाली उतरून दाजी एवढंच म्हणाले, "मी तेच सांगणार होतो." जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. आज सकाळी रेडिओ मी लावला, तर म्हणाले, "राहू दे." हवा गेलेले दाजी बघवत नाहीत गं. येऊन घेऊन जा त्यांना.

तुझा,
धाकटा

ता.क. पत्र टाकायचं राहिलं. आज शनिवार. बर्फ पोहोचला, बर्फ म्हणूनच पोहोचला! बाईंनी विचारलं, "हवा कमी करायची अक्कल कुणाची?" 'काय म्हणालात' म्हणाले, "काय म्हणालात?" आणि हिने (हो, हिनेच!) दाजींकडे बोट दाखवलं. आता रेडिओ पुन्हा सुरू आहे. त्यांना न्यायची घाई करू नकोस. बाईंना रोज बर्फाबरोबर "ते तज्ज्ञ" हवे आहेत.

आणखी ता.क. खरं काम सांगायचं राहिलंच. तुझ्या माळ्यावरचा पायपंप पाठव. वाळू संपली की रस्त्यासाठी टायर पुन्हा फुगवावे लागतात, आणि इथली सगळी हवा सध्या दाजींकडे आहे.