लखनौत फोटो कुठे काढावा, याविषयी दाजींना

तेलीबाग, लखनौ
रविवार, दुकान बंद

ती. सुबोधदाजी यांना देवदत्तचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तूर्त उभ्यानेच घातला आहे. तो गोड मानून घ्या. कंबर का धरली ते पुढे येईल.) तुमचं ब्लडप्रेशर, वसुधाताईचा गुडघा आणि तुमचा स्वभाव ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे अरुणा ठणठणीत आहे, म्हणजे माझ्यावर चिडलेली आहे. दुकान बरं चाललं आहे. वीज जाईल अशी भीती माणसाला वाटते तोवर इन्व्हर्टरवाल्याला काळजी नाही. हे सगळं फोनवर का सांगितलं नाही असं तुम्ही विचाराल. फोनवर माझं दुसरं वाक्य सुरू झालं की तुम्ही बँकेत गिऱ्हाइकाला म्हणता तसं ‘नेक्स्ट’ म्हणता.

तर विषय तुमच्या पूर्वाचा. तुम्ही तिला सांगितलंत की मामाकडे जा, लखनौच्या रस्त्यांवर पोटभर फोटो काढ, मामाने पास केलं तरच तुला अहमदाबादला फोटोग्राफी शिकायला पाठवीन. आणि त्याच रात्री मला फोन करून सांगितलंत की देवदत्त, तिला उन्हात असं फिरव की हौस फिटली पाहिजे, आणि मग नापास कर. परत येऊन मुकाट्याने बँकेची परीक्षा देईल. दाजी, मी दहावीनंतर शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. हातात वायरमनचं पेंचिस घेऊन या गावात आलो, माणसांचं बोलणं ऐकत ऐकत धंदा शिकलो. मला परीक्षक नेमणारे तुम्ही पहिलेच. त्यामुळे काम मन लावून केलं.

पहिल्या दिवशी मुद्दाम छावणीत नेलं. काय रस्ते आहेत! रुंद, स्वच्छ, दुतर्फा सावली, आणि माणूस औषधाला नाही. जिथे माणूस दिसतो तिथे कॅमेऱ्याला मनाई. फोटोग्राफीची हौस मारायला यापेक्षा चांगली जागा भारतात नसेल. पूर्वाने कॅमेरा काढल्याबरोबर एक जवान समोर उभा राहिला. मी माझी लखनवी हिंदी जुळवत होतो, तेवढ्यात त्याने आमचं आपसातलं बोलणं ऐकलं आणि म्हणाला, “पाव्हणं, कॅमेरा पिशवीत ठेवा. गाव कुठलं?” साताऱ्याचा निघाला. ताईचं माहेरही तिकडचंच हे कळल्यावर त्याने अर्धा तास स्वतःच्या बहिणीच्या लग्नाचं सांगितलं, पण कॅमेरा काही बाहेर येऊ दिला नाही. मी मनात म्हटलं, एक दिवस सत्कारणी लागला.

दुसऱ्या दिवशी मानकनगर. तिथे रेल्वेच्या संशोधनाची मोठी माणसं राहतात. दुपारी त्या वसाहतीत पानसुद्धा परवानगी घेऊन हलतं. पूर्वाला तिथे एक कुत्रा सापडला, भिंतीच्या सावलीत झोपलेला. सावली सरकली की कुत्रा सरकायचा, कुत्रा सरकला की पूर्वा सरकायची. कंटाळली नाही हो! मीच कंटाळून एका अनोळखी इंजिनिअरच्या फाटकाला टेकून डुलकी काढली. (त्यांच्या सौभाग्यवतींनी मला मीटर बघणारा समजून चहा दिला. चहा चांगला होता म्हणून गैरसमज दूर केला नाही.)

मग मी डाव बदलला. म्हटलं, हिला तिथे नेऊ जिथे सगळी दुनिया फोटो काढते, म्हणजे आपोआप वीट येईल. रूमी दरवाज्याला गेलो. तिथे हल्ली दरवाजा कमी आणि लग्न ठरलेली जोडपी जास्त. एक जोडपं वळून एकमेकांकडे बघतं, दुसरं आपली पाळी यायची वाट बघतं, तिसऱ्यातली नवरी नवऱ्याला सांगते, “पेट अंदर!” हजरतगंजला गेलो, तर तिथे प्रत्येक जण आपला फोटो निघतोय अशाच चालीने चालतो. पोरीने दोन्हीकडे कॅमेरा पिशवीतच ठेवला. जिथे मनाई तिथे बाहेर काढते आणि जिथे मुभा तिथे आत ठेवते! हा गुण तिने तुमच्याकडून घेतला नाही हे नक्की. आमच्या घराण्याचा आहे.

अखेर ती म्हणाली, मामा, आज मी नेते. आणि जुन्या लखनौतल्या चौक बाजारात घेऊन गेली. तिथल्या एका गल्लीत उंबऱ्यावर बायका चिकनचं भरतकाम करत बसल्या होत्या. त्यांच्यात वयाने मोठ्या नसीमा आपा. पूर्वाने नम्रपणे तुमच्या सांगलीच्या हिंदीत विचारलं, “आपा, आपका फोटो काढूँ?” आता दाजी, आपण फोटो काढतो. हे लोक फोटो खींचतात. आणि काढतात ते फक्त सुईने, कापडावर. आपांनी सुई थांबवली, चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, “बिटिया, चेहरा काढ़ने में तो साल निकल जाएगा। खिंचवा लो, जल्दी हो जाएगा।” पूर्वाला काही कळेना. आतून दुकानदार धावत आला. “कुर्ते पर चाहिए या दुपट्टे पर?” इतकी वर्षं इथे काढलेला मी, म्हटलं आपण सावरून घेऊ, आणि ठणकावून सांगितलं, “अरे भाई, इनका अकेले का नहीं, पूरी गली का काढ़ना है!” दुकानदाराने शांतपणे मान डोलावली. “तब तो चादर लीजिए।”

सगळी गल्ली हसली. आपा तर इतक्या हसल्या की त्यांना सुई बाजूला ठेवावी लागली. मी शरमेने भिंतीकडे तोंड केलं आणि पाठीमागे कॅमेरा वाजताना ऐकला. पोरगी लाजायच्या वेळी लाजली नाही, काम करत होती. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली की हिला नापास करणं जड जाणार.

पुढे तिठ्यावर ई-रिक्षावाला आणि स्कूटरवाला यांची गाठ पडली. दाजी, लखनौचं भांडण म्हणजे ऐकायची चीज. एक म्हणाला, “हुज़ूर, आप निहायत बदतमीज़ आदमी हैं।” दुसरा म्हणाला, “उतरने की ज़हमत कीजिए, आपको पूरी इज़्ज़त से मारेंगे।” गर्दीत पुढचं ऐकू येईना म्हणून मी एका हातगाडीवर चढलो. हातगाडीच्या मालकाला त्याच क्षणी गाडी हलवायची होती. (कंबरेचा खुलासा संपला.)

संध्याकाळी मी गरम पाण्याच्या पिशवीवर पडलो असताना पूर्वाने मला त्या भांडणाच्या वेळी काढलेला फोटो दाखवला. दाजी, त्यात भांडणारे दोघे नाहीतच. आहेत ते ऐकणारे. एकाच्या तोंडात पान तसंच थांबलेलं, एका बाईने पोराच्या तोंडावर हात ठेवलेला, ते बोलेल आणि वाक्य निसटेल म्हणून. आणि सगळ्यांच्या वर, हातगाडीवर, पडायच्या आधीचा मी. माझ्याही पुढे माझा कान. अरुणाने पाहिलं आणि म्हणाली, “लग्न झाल्यापासून मी हेच सांगत होते, पुरावा आज मिळाला.” मला मात्र त्या फोटोतून भांडण ऐकू येत होतं. कानावर धंदा केलेल्या माणसाला याहून मोठी खूण दुसरी नाही.

तेव्हा परीक्षक म्हणून निकाल असा: ही मुलगी बँकेच्या कामाला साफ नालायक आहे. खिडकीपलीकडच्या माणसाकडे ती इतकं निरखून पाहील की संध्याकाळपर्यंत रांग हलायची नाही. बाकी तुम्ही समजदार आहात.

ताईला नमस्कार.

तुमचा मेहुणा,
देवदत्त

ता. क. — तिला नापास करायचं ठरलं होतं हे पूर्वाला तुम्ही फोन केलात त्याच रात्रीपासून माहीत होतं. फोनवर बोलताना तुमचा आवाज तुमच्याच घरात शेजारच्या खोलीत जातो. तरी बिचारी छावणीत माझ्यामागे हूं की चूं न करता हिंडली.

ता. क. दुसरा — अहमदाबादवाल्यांनी तिने पाठवलेले फोटो पाहून तिला बोलावलं आहे. ती म्हणाली, बाबा हो म्हणाले तरच जाईन. हटूनच बसली, जेवेना. मग मी सांगून टाकलं की बाबा हो म्हणाले. गुरुवारच्या गाडीने ती आणि अरुणा निघताहेत. पोचली की आभार मानायला तुम्हाला फोन करील. ‘कशाबद्दल?’ एवढं मात्र विचारू नका.

ता. क. तिसरा — हा होकार मी माझ्या मनाने दिला असं समजून रागावू नका. ताईला विचारूनच दिला. ती आधी म्हणाली, ह्यांना मी सांगते. मग थोडा विचार करून म्हणाली, नको, तूच पत्र लिही, आणि चांगलं लांबलचक लिही, म्हणजे ह्यांचं वाचून होईस्तोवर गाडी सुटलेली असेल.