तळ्याकडे कललेलं घर

तळ्यावरून, १९ जून १९८८

प्रिय रेइनो,

तू खुशाल असशील असं धरून चालते. सतरा वर्षं तेच करतेय. आम्ही बरे आहोत, आणि डास आमच्याहून बरे आहेत. वॉल्फ्रेडने गेल्या आठवड्यात एक मासा धरला, तो त्याच्या तोंडी अजून वाढतोच आहे. माझा नवरा बदललेला नाही, एवढंच सांगायचं.

बातमी अशी की तळ्यावरचं घर आम्ही दुरुस्तीला काढलंय. मी, वॉल्फ्रेड, आमची लेक सिग्ने आणि देखरेखीला बाबा. बाबा आता एक्क्याऐंशीचे. डॉक्टरांनी हातोडी उचलायला बंदी केलीय, म्हणून झाडाखाली खुर्ची टाकून ते जिभेने काम करतात. मी सकाळी वेलचीचा पाव भाजते आणि दिवसभर छपराच्या फळ्या ओढते. संध्याकाळी सौनाच्या गरम वाफेत बसलं की मगच हाडं जागेवर येतात.

घर तळ्याकडे चांगलंच खचलं होतं. वॉल्फ्रेडने खाली जॅक लावून रोज थोडं थोडं उचलत आणलं आणि नवे खांब पाच फूट खोल रोवले, हिवाळ्यात जमीन गोठते त्याच्याही खाली. हो, तू म्हणाला होतास तसेच. त्या उन्हाळ्यात सगळ्या काकांसमोर तू पाणसळ ठेवून तिच्यातल्या बुडबुड्यावरून कल दाखवलास आणि बाबा म्हणाले, घर सरळ आहे, तुझी नजर तिरकी आहे. एकोणीस वर्षांचा होतास तू. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेलास.

मंगळवारी घर सरळ झालं. सिग्नेने जमिनीवर गोटी ठेवली, ती हलली नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग लक्षात आलं की एकही दार लागत नाहीये. वरच्या कोपऱ्यात हात जाईल एवढी फट. जेवणाचं टेबल टेकडीकडे झुकलं आणि वॉल्फ्रेडची कॉफी त्याच्याच मांडीवर सांडली.

सिग्नेने विचारलं, "ही दारं कुणी केली? सगळी तिरपी कापलीत." वॉल्फ्रेड हसायला लागला. बाबांनी मान तळ्याकडे वळवली.

रेइनो, मला माहीत होतं कुणी कापली ते. तू गेल्यापासून दरवर्षी, बर्फ वितळलं की बाबा दारं उतरवायचे आणि घर जेवढं कललं असेल तेवढी रंध्याने तासायचे. टेबलाचे टेकडीकडचे पाय कापायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला कल दिसू नये म्हणून. दार धरायला मी असायचे. दुसऱ्याच वर्षी मी विचारलं, रेइनोचं खरं होतं ना? रंधा थांबवून ते म्हणाले, "होतं. पण त्याला कळवायचं नाही."

आणि मी नाही कळवलं. शब्द दिला होता म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. तू गेल्यावर बाबा माझ्या एकटीचे झाले होते, आणि त्यांचं ते गुपित सांभाळायला मला आवडायचं. दर ख्रिसमसला तुला कार्डावर हवापाणी लिहिलं. ही एक ओळ लिहिली असती तर आईला पोचवायला आलास तेव्हा चर्चच्या मागच्या बाकावरूनच, बाबांना न भेटता परत गेला नसतास. ते बाबांनी नाही केलं. मी केलं.

वॉल्फ्रेड म्हणाला, गावातून नवी दारं आणतो. तेव्हा बाबा खुर्चीतून उठले.

"दारं रेइनो बसवेल," ते म्हणाले. "त्याला कळव. घर कललं होतं म्हणावं. मी चुकलो."

मी म्हटलं, तुम्हीच लिहा. त्यांनी पेन्सिल घेतली, पण ती तुझ्या नावापुढे सरकेना. मग मी कागद माझ्याकडे ओढला.

तेव्हापासून घराला दारं नाहीत. चादरी टांगल्यात, डासांची चंगळ आहे. बाबा गावात यायला तयार नाहीत, अंगात कोट घालून इथेच झोपतात. सप्टेंबरपर्यंत निभावेल. पुढची थंडी त्यांच्या छातीला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय.

त्यांना माफ कर. माझं काय करायचं ते सावकाश ठरव. मला शिव्या द्यायला आलास तरी चालेल, पण ये.

इतकी वर्षं गप्प राहिलेली
तुझी बहीण,
एल्मा