हॉलमधला समुद्र

१२ नोव्हेंबर, तासगाव

रविराजचं जिवंत प्रवाळ आलं! स्वतः जहाजावर नोकरीला, आणि खाऱ्या पाण्याची टाकी बायकोच्या गळ्यात. एक थेट समुद्रातलं, तपकिरी. दुसरं समुद्रातल्या शेतात वाढवलेलं, जांभळं. सासरे — आमचे मामा — चष्मा सावरत म्हणाले, "समुद्रात बी शेती? मंग ह्ये आपलंच की गं!" तपकिरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

१५ नोव्हेंबर

जांभळं फुललं! बोटं हलवतंय. सासूबाई — आमच्या आत्या — टाकीसमोर पाट टाकून लसूण सोलतात. आत्यांनी समुद्र कधी पाहिलाच नाही. "ह्योच का त्यो? रविराजचा?" मीठ मी बादलीत कालवते — पण म्हटलं, हो आत्या, तोच. तेव्हापासून जाता-येता हात जोडतात. या बाईची पाण्यावर भारी श्रद्धा! इस्लामपूरला जाताना कृष्णेच्या पुलावर एसटीतून नाणं टाकल्याशिवाय पुढं जात नाहीत.

१७ नोव्हेंबर

बातम्यांत वादळ. रविराजचा फोन लागत नाही. आत्या जेवल्या नाहीत.

१८ नोव्हेंबर

फोन आला. जहाज सुखरूप! मी रडले. आत्या नुसत्या हसल्या, जणू त्यांना आधीच ठाऊक.

२१ नोव्हेंबर

दोन्ही प्रवाळं मिटली. टाकीतली गोगलगाय मेली. रविराज म्हणाला, पाण्यात तांबं बघ. तपासलं — आहे! प्रवाळाला चिमूटभर तांबंही विष.

मामा दारातूनच म्हणाले, "माझाच हात. बागंत मोरचूद मारून आलो, आन् तसाच घातला आत." मोरचूद म्हणजे तांबंच की! मी नको नको ते बोलले. पुन्हा टाकीला हात लावू नका म्हणाले. मामा मान खाली घालून ऐकत राहिले. आत्यांनी लसणातून डोकं वर काढलं नाही.

२२ नोव्हेंबर

पाणी बदललं, तांबं शोषायला कोळसा घातला. मामांनी बादल्या भरल्या, उंबऱ्याबाहेर ठेवल्या. आत आले नाहीत. माझी जीभ जरा जास्तच चालते.

२६ नोव्हेंबर

तांबं पुन्हा चढलं! मामा तर हॉलमध्ये पाऊल टाकत नाहीत. मग येतंय कुठून? तपकिरी गेलं. फार वाईट वाटलं. जांभळ्याची एक कड तेवढी जिवंत आहे. उद्या टाकीतले सगळे खडक बाहेर काढणार.

२७ नोव्हेंबर

मागच्या खडकाखाली भोकाचा पैसा. जुना, तांब्याचा, हिरवा पडलेला. भोकात काळा दोरा. भिंतीवरच्या फोटोत उघड्या बाळ रविराजच्या करदोड्यात आहे, तोच.

पैसा मुठीत घेऊन मामांकडे गेले. त्यांनी आधी स्वयंपाकघरातल्या आत्यांकडे पाहिलं, मग हळूच म्हणाले, "तिला नगं सांगूस गं. तिचा पैसा पोचला न्हवं!"