बावन्न किलो

३ मार्च, सकाळी
आजपासून वजनकाट्याशी अबोला. हा गृहस्थ आमच्या सौभाग्यवतींचं वजन एक्केचाळीस दाखवतो. हिचं वजन बावन्न आहे. दवाखान्याच्या गेल्या वर्षीच्या फाइलवर स्वच्छ अक्षरात लिहिलंय. बाथरूमच्या ओलीत राहून यंत्राचीही मती भ्रष्ट होते.

४ मार्च
डॉक्टरांनी समजावलं, की रिपोर्टमधला किडनी किती काम करते तो आकडा, म्हणजे हिचे चव्वेचाळीस, एका ठरावीक मापाच्या शरीरासाठी धरलेला असतो. पेशंट लहानखुरा असेल तर उंची-वजनाप्रमाणे तो खाली आणायचा, मग औषध ठरवायचं. पस्तीसच्या वर पूर्ण डोस, खाली अर्धा. साधं त्रैराशिक. फॉर्म मीच भरला. वजन बावन्न. उत्तर आलं सदतीस. पूर्ण डोस.
तीस वर्षं वार्ताहर आहे. दोन ठिकाणी खात्री केल्याशिवाय ओळ लिहीत नाही. ही शेजारीच बसली होती, पण बायकांना वजन विचारू नये एवढा शिष्टाचार मला कळतो.

७ मार्च
हिने अंगठीला आतून दोरा गुंडाळलाय. नवी फॅशन का, विचारलं. हो म्हणाली.

९ मार्च
हिला उलट्या, चक्कर. ऊन बाधलं. निश्चय: उद्यापासून दोघांनी रोज फिरायला जायचं.

१० मार्च
गेलो नाही. ही जिन्यात तिसऱ्याच पायरीवर बसली. चपला निसरड्या आहेत. नव्या घेणे.

११ मार्च, दुपारी
दवाखान्यात नर्सने हिला काट्यावर उभं केलं. एक्केचाळीस. तुमचाही बिघडलाय, असं मी तिला सौम्यपणे सुचवलं. सिद्ध करायला स्वतः चढलो. माझं वजन बरोबर आलं. नको इतकं बरोबर.
डॉक्टरांनी गणित पुन्हा केलं. तेहतीस. म्हणजे अर्धा डोस हवा होता. हे बावन्न कोणी लिहिलं, त्यांनी विचारलं. मी पंख्याकडे बघत राहिलो. ही म्हणाली, "मीच सांगितलं होतं, डॉक्टर."

संध्याकाळी
खोटं का बोललीस, असं घरी आल्यावर विचारलं.
"अहो, तुम्ही इतक्या खात्रीने बावन्न लिहिलंत, की क्षणभर मलाही बरं वाटलं."
काटा पुसून जागेवर ठेवला. तो बिघडलेला नाही. डोळ्यांदेखत अकरा किलो गेले आणि मी फाइल वाचत बसलो. औषध उद्यापासून अर्धं, ते जमेल. पण ही रोज थोडी थोडी कमी होतेय, आणि ते मला थांबवता येत नाही. मला त्याची भीती वाटते.