खोकणाऱ्यांना सुट्टी

ताई,

धाकट्याचा नमस्कार. पत्र रोज उद्यावर ढकललं, आता घाल शिव्या. मी ठणठणीत आहे. तुझ्या पोरीचा खोकला गेला का? नक्की सांग.

इथल्या इस्पितळात क्षयाची पाहणी चाललीय. रुग्णांपासून तो कामगारांना किती लागतो, ते शोधायचं. मी खोकणाऱ्या कामगारांची थुंकी तपासणीसाठी बाटलीत गोळा करतो. नाक मुरडू नकोस, तिची किळस केव्हाच गेली. अगं, आमच्या खोलीत मांजर व्यालीय! असो.

किळस येते मोठ्या सिस्टरची. आम्ही वॉर्डात जाणार म्हटलं की ती खोकणाऱ्यांना सुट्टी देते. आमचे पाहणीचे साहेब खूश, "वा, एकही आजारी नाही!" झाडूवाल्या मावशींना तर खोकताना रक्त पडतं. तपासणीशिवाय औषध नाही, म्हणून बाटली घेऊन त्यांच्या घरी गेलो.

"नको रे बाबा, सिस्टर कामावरून काढील."

सिस्टरला जाब विचारला, तर म्हणते, "थुंकीच हवीय ना? भिंतीवरची खरवडून ने." शी! असल्या बाईच्या हातचं पाणीसुद्धा नको.

थांब, दार वाजलं.

ताई, सिस्टरच आलीय, मावशींना हाताला धरून. दोन बाटल्या मागतेय. खोकतायत दोघीही.

तुझा,
भटक्या