कमेटीचा रस्ता अन् माह्या दारचा निंब

उमरावती, कार्तिक वद्य सप्तमी

चिरंजीव शालिकराम,

तुह्या थोरल्या बहिणीचा, ठकूबाईचा, तुले अन् कौशल्येले पोटभर आशीर्वाद. आमी समदे इथी धडधाकट आहोत. तुमीही अकोल्यात तसेच असान असं धरून चालते, कारण गेल्या संक्रांतीपासून तुह्याकडून एक ओळ नाही. तुहा गुडघा कसा आहे? त्याले एरंडाचं पान गरम करून बांधत जा. वैद्याले दाखवू नको, तो दुसराही गुडघा पाहून घेते. माहे दात आता तीनच राहिले, पण तिन्ही कामाचे आहेत. सून वच्छला बरी आहे. घरात तिचंच चालते असं मी तिले वाटू देलं आहे, म्हणून दोघी सुखात आहोत. (अक्षर माहंच आहे. कुठी काना-मात्रा राहिली असन तर आपल्या पदरची लावून घे.)

म्हातारीनं आज काहून लेखणी उचलली असं तुले वाटन. तर इथी एक नवल झालं अन् ते मी जवळून पाह्यलं. तिकडं साता समुद्रापार कोण्या दोन फौजा लढून राहिल्या, म्हणून इलायतेले तिकडचा कापूस मिळत नाही, म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या कापसाले सोन्याचा भाव, अन् म्हणून माह्या वरणात धूळ. हे असं एकाले एक जुळलेलं आहे. एका गाडीवानानं मले बोटावर मोजून समजावलं तवा कुठी डोक्यात शिरलं. (लढाई कायची आहे हे मात्र त्यालेही माहीत नव्हतं. तुले माहीत असन तर लिही.) सकाळपासून कापूस लादलेल्या बैलबंड्यांची रांग लागते ती दिवस मावळला तरी सरत नाही. रुईचे बोरे आमच्या छपराहून उंच. ती रुई उडते अन् निंबाच्या पानावर बसते, वाळत घातलेल्या वड्यांवर बसते, वच्छलेच्या केसात बसते. परवा तिले दुरून येताना पाह्यलं अन् माह्याच वयाची कोणी आली असं समजून मी ‘या बाई, टेका’ म्हतलं. ती दोन दिवस बोलली नाही. तेही बरंच झालं.

माह्या दारासमोरचा निंब तू पाह्यलेला आहे, अन् त्याच्या खालचा दगडी हौदही. मी अन् वच्छला सकाळी विहिरीचं पाणी ओढून तो भरतो. बैल थांबतात, पाणी पेतात, गाडीवान सावलीत टेकतात. लोक म्हणतात, ठकूबाई मोठी पुण्यवान. पुण्य कायचं! कोणत्या गावात काय झालं ते मले त्या हौदावर समजते. चांदूरच्या पाटलानं दुसरी बायको केली हे त्याच्या पहिल्या बायकोच्या आधी मले माहीत होतं. वलगावात कोणाची भिंत पडली, सेमाडोहाच्या जंगलात वाघानं कोणाचा हेला नेला, समदं घरबसल्या. एवढ्यासाठी रोज चाळीस बादल्या ओढणं मले जड नाही. (ओढते वच्छला. मोजते मी.)

तर औंदा साहेबानं गावासाठी कमेटी बसवली. कमेटी म्हणजे काय हे मी चौघांले विचारलं अन् चौघांनी चार सांगतलं. शेवटी एवढं समजलं की पाच जण टेबलाभोवती बसून रस्त्याची काळजी करतात. आधी रस्त्याची काळजी कोणी करत नव्हतं, तरी रस्ता होता. कमेटीनं पहिल्यांदा धूळ हातात घेतली. दोन पखालीवाले लावले, सकाळ-संध्याकाळ रस्त्यावर पाणी मारा म्हणून. आपली काळी माती; तिले पाणी दाखवलं की काय होते हे वऱ्हाडात शेंबड्या लेकरालेही माहीत आहे. दुपारपर्यंत सहा बंड्या अर्ध्या चाकापर्यंत रुतल्या. मंग चिखल झाला म्हणून वरून मुरूम टाकला. बंड्यांखाली मुरूम दळला गेला अन् त्याची तांबडी धूळ झाली. आता आमच्या इथी काळी अन् तांबडी अशी दोन रंगांची धूळ आहे. तुमच्या अकोल्यात बसवली का कमेटी? तिथी किती रंगांची आहे?

मंग कमेटीनं भगवंतराव नावाचा कारकून धाडला. पुण्याकडचा, पापडासारखा पोरगेला माणूस. तो वही घेऊन माह्या निंबाखाली बसला, बंड्या मोजाले. मी विचारलं, “बाप्पा, मोजल्यानं धूळ कमी होते का?” तो म्हणे, “आजीबाई, आधी आकडा, मग उपाय.” मले ते भल्लं पटलं. तीन दिवस मोजणार होता. पहिल्या दिवशी मी त्याले पातोडीची भाजी अन् ज्वारीची भाकर वाढली. तिखट त्याच्या नाकाडोळ्यातून निघालं, पण खाल्ली त्यानं तीन वेळा मागून, अन् मंग निंबाच्या बुंध्याले टेकून जो झोपला तो ऊन कलेपर्यंत. रोज हेच. सरकारचं काम बुडन म्हणून मीच मडकं घेऊन बसली. हौदावर बंडी थांबली की एक चिंचोका मडक्यात. तिसऱ्या दिवशी चिंचोके भरले तीनशे बारा. भगवंतराव जागा झाला, त्यानं आकडा वहीत उतरवला अन् खाली आपली सही केली. माहे चिंचोके सरकारी कागदावर चढले याचा मले आठ दिवस तोरा होता. वच्छलेले कामही मी आकड्यात सांगे.

नवव्या दिवशी शिपायानं येऊन निंबालेच कागद चिकटवला. ज्वारीच्या पिठाची खळ होती. रात्रीतून अर्धा गाईनं खाल्ला, पण उरलेला पुरे होता. भगवंतरावानं खाली मान घालून वाचून दाखवला. या झाडाखाली दिवसाले तीनशे बारा बंड्या थांबून रस्ता अडते असं मोजणीवरून सिद्ध झालं, सबब पंधरा दिवसांत झाड तोडून, हौद काढून रस्ता रुंद कराचा. मी म्हतलं, “भगवंतराव, हे तीनशे बारा तर माहे! अन् दिवसाचे नाही, तीन दिवसांचे!” तो म्हणे, “आजीबाई, सही माझी आहे, आता तसं म्हणता येत नाही.”

तू मले ओळखतो. मी झाडासाठी रडणारी बाई नाही. पण वैशाखात आमच्या अंगणात पाय ठेवता येते तो त्या सावलीनं. माही खाट तिथी, माहं बसणं तिथी, अन् माही समदी दुनिया त्या खाटेवरून दिसते. नवा निंब लावून त्याच्या सावलीत बसाले पंधरा वर्षं पाहिजेत, अन् तेवढी शिल्लक मले माह्यात दिसत नाही. म्हणून मी काठी घेतली अन् कमेटीत गेली.

कमेटी पाह्यण्यासारखी असते, शालिकराम. हिरव्या कापडाचं टेबल, वर झालरीचा पंखा, अन् त्याची दोरी ओढणारा झोपलेला. मधात साहेब. (उन्हानं सोललेलं नाक. त्यालेही कोणी एरंडाचं पान सांगतलं नसन.) बोललेलं समदं भगवंतराव लिहून घेते. मी खोकलली तर तेही लिहितो का, असं विचारलं, तर त्याची लेखणी थांबली. किसनराव अडत्या तिथी मेंबर आहे, कापसाची दलाली करते तोच तो. तो मले म्हणे, “ठकूमाय, आमी गावाबाहेरून नवा रस्ता केला. रुंद, सरळ. फाट्यावर पाटी लावली, लाल फडक्याचा शिपाई उभा केला. तरी बंड्या तुमच्याच दारात. झाड गेल्याबिगर त्या हटत नाहीत.”

“पाटी वाचते कोण?” मी विचारलं.

“गाडीवान.”

“गाडीवान बोऱ्यावर घोरत असते, किसनराव. रस्ता बैल पाह्यतात. त्यायले वाचाले शिकवलं का तुमी?”

बाकीचे मेंबर हसले. किसनराव नाही हसला. तो म्हणे, मेंबर लोक स्वतः नव्या रस्त्यानं जाऊन दाखवतीन, म्हणजे म्हातारीचं तोंड बंद होईन. (‘म्हातारी’ तो हळू बोलला. मले ऐकू येते हे त्याले माहीत नव्हतं.) साहेबाले भगवंतरावानं उलथं-सुलथं समजावलं, त्यानं मान हलवली, अन् दुसऱ्या दिवशी सकाळची पाहणी ठरली. पाची जणांसाठी अन् भगवंतरावासाठी मुनव्वर गाडीवानाची मोठी दमणी, माणसं नेणारी छपराची गाडी, बोलावली. इथीच कमेटी चुकली. मुनव्वरच्या बैलांनी अकरा वर्षं कापूस ओढला आहे. दमणीले जुंपून त्यायले दोन महिनेही झाले नाहीत. कोणी विचारलं असतं तर मी सांगतलं असतं. कोणी विचारलं नाही, अन् मी पहिल्यांदाच गप्प राहिली.

सकाळी मी हौद काठोकाठ भरवला अन् खाटेवर बसून राहिली. फाट्यावर काय झालं ते मले मंग समजलं. पाटीजवळ शिपायानं फडकं हलवलं, मुनव्वरनं कासरा ओढला, किसनरावानं स्वतः हाकारलं, अन् बैल शिपायाले वळसा घालून सरळ जुन्या रस्त्याले लागले. थोड्या वेळात पाहते तर वीस बंड्या पुढं, तीस मागं, अन् मधात कमेटी. बैलांनी माह्या दारात येऊन हौदात तोंड घातलं. मुनव्वर खाली उतरून म्हणे, “अम्मा, मैं तो साब को पैलेच बोला था, ये बैल मेरे नई, तुमारे हैं.” पुढं जाता येईना, मागं जाता येईना. एक बंडी तिरपी झाली, एक बोरा फाटला, अन् साहेबाच्या टोपीवर रुई अशी बसली की कोंबडी अंडं घालाले आली असती. किसनरावाच्या पांढऱ्या अंगरख्यावर दोन्ही रंगांची धूळ मी माह्या डोळ्यानं पाह्यली. ऊन चढलं तसे पाचही मेंबर निंबाखाली सरकले. ज्या झाडाले तोडाचं त्याच्याच बुंध्याले त्यायनं पाठी टेकल्या. मी ताक देलं. साहेब दोन वाट्या पेला अन् तिसरीकडं पाहत होता.

मंग त्यानं भगवंतरावाकरवी विचारलं, बाई, तू काय करशीन? मी म्हतलं, बंड्या झाडासाठी थांबत नाहीत, पाण्यासाठी थांबतात. हौद उचला अन् नव्या रस्त्यावर नेऊन ठेवा, दोहीकडं निंबाचे रोप लावा. पाटी लागत नाही, शिपाई लागत नाही. बैल आपल्या अकलेनं जातीन. मंग किसनराव घसा साफ करून म्हणे, “हेच मी म्हणणार होतो.” अन् भगवंतरावानं ते किसनरावाच्या नावानं लिहून घेतलं. घेऊ दे.

हौद हलवाले बैलाच्या आठ जोड्या लागल्या. चौथ्या दिवशी माह्या दारात एक बंडी नाही, अन् नवा रस्ता गच्च. पण हौद गेला तशा बातम्याही गेल्या. दोन दिवस मी वच्छलेशी बोलून पाह्यलं, त्यात काही राम नाही. आता सकाळी काठी टेकत नव्या रस्त्यावर जाऊन बसते. लांब पडते, पण पोटाले बरं.

तर असं झालं. निंब उभा आहे, ताक पेऊन कमेटी गेली आहे. पत्र लांबलं, शाई पातळ झाली. तुह्यावरची माया लिहिल्यानं वाढणार नाही, न लिहिल्यानं आटणार नाही, म्हणून इथीच हात थांबवते.

तुही बहीण,
ठकूबाई

ता. क. निंब उभा आहे हे खरं, पण तो अजून कागदावर उभा नाही. किसनरावानं जाता जाता काडी घातली की रस्त्याच्या कडेचं झाड सरकारचं, अन् सरकारले वाटन तवा ते तोडता येते. घरच्या माणसानं आपल्या हातानं लावलेलं असन तरच ते घराचं, अन् त्याले डोळ्यानं पाह्यलेला साक्षीदार पाहिजे. मी तिथल्या तिथी सांगतलं की तुह्या भाऊजीनं लावला. पण ते आता वर आहेत, त्या काळचे बाकीचे लोकही गेले, अन् जे दोघे जिते आहेत ते खरं बोलणारे आहेत. म्हणून तू ये. अमावस्येनंतरच्या सोमवारी कमेटी आहे. हे पत्र मुनव्वर घेऊन येऊन राहिला, त्याच्याच दमणीत बस.

दुसरा ता. क. सांगाचं ते पाठ करून ठेव. अक्षय तृतीयेचा दिवस होता. भाऊजीनं खड्डा खोदला, तू तांब्यानं पाणी घातलं. तू तवा जन्मला नव्हता हे मले माहीत आहे. ते तू मनाले लावून घेऊ नको. साहेबाले निंबाचं वयही माहीत नाही अन् तुहंही.

तिसरा ता. क. तुह्यापासून काही लपवत नाही. निंब कावळ्यानं लावला. तुह्या भाऊजीनं तो दोनदा कापला, दोनदा फुटला, म्हणून कंटाळून सोडला. आता कावळ्याले कमेटीत कसं नेऊ? चारचौघात मले आक्का म्हणू नको, नुसतं ठकू म्हण. तिथी तू माहा थोरला भाऊ आहे. अन् कौशल्येले सांग, येताना तुह्या मिशीले कलप लावून देऊ नको. कमेटीत तुहं वय पंच्याहत्तर लिहून झालं आहे.