चित्रं फार स्वच्छ येत होती

३ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

फोनवर तोंडातून भलतंसलतं जाईल, म्हणून लिहितो आहे. आई काल सकाळपासून उपाशी, तुमच्या इस्पितळाच्या बाकावर चार तास बसली. सीटी स्कॅनच्या दारावर 'यंत्र बंद' अशी पाटी आणि खाली तुझी सही, 'वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ'. यंत्र धडधाकट आहे, असं तंत्रज्ञच म्हणाला. तू डॉक्टर नाहीस, तंत्रज्ञ नाहीस, तरी तुझी पाटी हलवायची कुणाची छाती नाही. आईने विचारलं, आपली ठकू इथे करते तरी काय. मी पाटीवरचा तुझा हुद्दा वाचून दाखवला. पोटातली गाठ तुझ्या आकडेमोडीसाठी थांबते का?

वहिनीचा लोभ आहे. माझा सध्या गृहीत धरू नकोस.

दादा

५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काय करते ते सांगते. डोक्याएवढा प्लॅस्टिकचा ठोकळा यंत्रात ठेवून माणसाच्या अंगात किती क्ष-किरण जातात ते मोजते. महिन्यापूर्वी दुरुस्तीवाल्याने मुलांच्या सेटिंगमध्ये मोठ्यांचे आकडे भरले. एकेचाळीस मुलांना चौपट किरण गेले. कुणी तक्रार केली नाही, कारण जास्त किरणांनी चित्र स्वच्छ येतं आणि अपाय वर्षांनी दिसतो. आमचे विभागप्रमुख साहेब खूश होते. मला त्या स्वच्छपणाचाच संशय आला.

आई आली त्या दिवशी दुपारपर्यंत बाकी सगळं तपासलं, मुलांचे आकडे दुरुस्त केले आणि घडलं ते अहवालात लिहिलं. साहेबांनी तो परत ढकलला. म्हणाले, मागचं उकरू नकोस, 'दोष नाही' एवढं लिहून सही कर. पाटी काढू आणि पहिली तुझ्या आईला आत घेऊ. ती बाहेर बसली आहे, हे मला तेव्हा कळलं.

मी सही केली नाही. तू रागाव, पण मी काय करते हे पुन्हा विचारू नकोस.

आईला नमस्कार. उरला असेल तेवढा लोभ ठेव.

ठकू

१२ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

आईची तपासणी काल दुसरीकडे झाली. गाठ वाढली आहे. मधल्या दिवसांनी फरक पडला का, ते डॉक्टर सांगत नाहीत. त्यामुळे माझा राग आहे तिथेच आहे, आणि लोभही.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तिने स्वतःबद्दल काही विचारलं नाही. त्या मुलांच्या आयांना कळवलं का, एवढंच विचारलं.

मी हो म्हणालो. मला खोटं पाडू नकोस.

दादा